उसाची नोंद आहे, तोडणारीची नाही

साखर कारखान्याला आपल्या उसाबद्दल खडान्‌खडा माहिती असते. कोणत्या गटात आडसाली आहे, कुठे खोडवा, लागण कोणत्या तारखेची, जात कोणती, तोडीला नंबर कितवा, हे सारे शेतकी विभागाच्या नोंदीत असते. चिटबॉय फडात येऊन तोड देतो, गाडी काट्यावर चढते, वजनाची पावती निघते. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार त्या वजनाचे पैसे चौदा दिवसांत शेतकऱ्याला मिळाले पाहिजेत. ही व्यवस्था शेतकऱ्यांनी भांडून मिळवली आणि पैसे थकले तेव्हा रस्त्यावर उतरून ती पाळायलाही लावली. त्याबद्दल त्यांचे कौतुकच आहे. मात्र पहाटेच्या अंधारात त्याच फडात उभे राहून जिने उसाचे पाचट काढले, मोळी बांधली आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवली, त्या बाईचे नाव बहुतेक कारखान्यांच्या कुठल्याही वहीत सापडत नाही. तिने किती टन ऊस तोडला, तिला किती मजुरी झाली, ती किती दिवस आजारी होती, हे कोणी लिहीत नाही. या न लिहिण्यातूनच पुढचा सगळा अनर्थ घडला आहे. तो अजून संपलेला नाही, म्हणून हा अग्रलेख.

बीड, जालना, धाराशिव, परभणी आणि अहिल्यानगरचा पाथर्डी-शेवगावचा पट्टा येथून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. जाण्याआधी टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळून दिली जाते, कारण या धंद्यात काम मोजायचे माप म्हणजे ‘कोयता’, आणि एक कोयता म्हणजे एक जोडपे. उचल नवऱ्याच्या हातात पडते, अंगठा किंवा सही त्याचीच असते, आणि हंगामाच्या शेवटी पट्टा पडल्यावर हिशेबही त्याच्याशीच होतो. बाईने दिवसाचे बारा-चौदा तास काम केले तरी मजुरी म्हणून तिच्या हातात एक रुपयासुद्धा वेगळा येत नाही. उचल फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाची टोळी धरावी लागते. मधल्या काळात दोघांपैकी एक जण जरी एक दिवस कामावर आला नाही, तरी ‘खाडा’ लागतो. अनेक टोळ्यांत हा खाडा दिवसाला पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त असतो. तो त्या दिवसाच्या बुडालेल्या मजुरीव्यतिरिक्त उचलीच्या हिशेबात चढतो.

आता या हिशेबात एक बाई ठेवून पाहा. ती पहाटे तीनला उठते, चुलीवर भाकऱ्या थापते, पाणी भरते, लेकराला झोळीत घालून फडात जाते. जोडीने दिवसाकाठी दोनेक टन ऊस तोडायचा असतो. संध्याकाळी ती कोपीवर परतते. चूल पेटवून जेवण होईस्तोवर रात्रीची गाडी येते आणि ती भरायला पुन्हा उठावे लागते. कोप्या उभ्या असतात कुणाच्या तरी पडीक रानात. तिथे संडास नसतो, आडोशाची मोरी नसते, कित्येकदा धुण्यापुरते पाणीही नसते. अशा जागी तिला पाळी येते. दिवसभर एकच कापड, कधी अर्धवट वाळलेले. उसाच्या पात्याने कापलेले हात आणि घामाने भिजलेले लुगडे यात मांडीचा अन्‌ अंगाचा संसर्ग ठरलेलाच. अंगावर पांढरे जाते, ओटीपोट दुखते, कंबर धरते. दोन दिवस पडून राहावे म्हटले तर खाडा. दवाखान्यात जावे तरी खाडा, शिवाय डॉक्टरचा खर्च. मग दुखणे अंगावर काढत हंगाम संपतो. गावी परतल्यावर ती तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते तेव्हा तिला सोनोग्राफीचा कागद दाखवून सांगितले जाते, की पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. तिला दोन-तीन मुले झालेली असतात. वय असते तीस, बत्तीस, कधी त्याहूनही कमी. कर्ज काढून ती ऑपरेशन करून घेते आणि ते कर्ज फेडण्यासाठी महिना-दोन महिन्यांत पुन्हा उचल घेते.

२०१९च्या एप्रिलमध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर आली आणि देशभर खळबळ उडाली. जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले, की तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातल्या साधारण तीन टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असते. एका जिल्ह्यातल्या कष्टकरी बायांत हे प्रमाण त्याच्या पाचपट व्हावे, याला आजार म्हणता येत नाही. आजार जिल्ह्याची हद्द आणि मजुरीचा प्रकार बघून येत नाहीत.

त्यानंतर काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बीडमध्ये खासगी डॉक्टरांनी गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असा नियम झाला आणि शस्त्रक्रियांचा आकडा खाली आला. हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी करण्याचे ठरले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये व तेवढेच शासनाकडून अशी निधीची सोय केली गेली. केंद्राने २०२२मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकरणांवर निकाल देताना सर्व राज्यांना त्या सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या हालअपेष्टांची स्वतःहून दखल घेतली.

आणि तरीही, २०२४च्या हंगामाला टोळ्या निघण्यापूर्वीच्या तपासणीत बीड जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने गर्भाशय काढलेल्या ८४३ स्त्रिया नोंदवल्या आणि त्यांतल्या ४७७ जणी ३० ते ३५ या वयाच्या होत्या, अशी आकडेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झाली. दीड हजारांहून अधिक बाया पोटुशी असताना फडावर गेल्याचेही त्यात होते. तिशीतल्या पावणेपाचशे बायका. यांच्यातल्या ज्यांचे बीजकोषही काढले गेले असतील त्यांची रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू होते. ज्यांचे राखले गेले त्यांचीही ती लवकर येण्याचा धोका वाढतो. हाडे ठिसूळ होणे, सांधे धरणे, अंगातून वाफा निघणे, झोप उडणे हे सगळे अशा वयात सुरू होते, जेव्हा तिला अजून पंधरा-वीस वर्षे मोळ्या वाहायच्या असतात. कामात खाडा पडू नये म्हणून जे ऑपरेशन करून घेतले, तेच तिला कामाला कायमचे अधू करून ठेवते.

डॉक्टरांकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि ते दाखवलेच पाहिजे. साध्या संसर्गावर गोळ्यांचा कोर्स देण्याऐवजी कॅन्सरची भीती घालून पोट उघडणे हा वैद्यकीय गुन्हा आहे. त्याची चौकशी परवाना रद्द होण्यापर्यंत गेली पाहिजे. महाराष्ट्राने २०१०चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा अजूनही स्वीकारलेला नाही. १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावरच आपला कारभार चालू आहे. तो बदलायला कोणत्या मुहूर्ताची वाट पाहिली जात आहे, हे आरोग्य खात्याने एकदा स्पष्ट सांगावे. पण बीडमधले सगळे डॉक्टर उद्या सचोटीचे झाले तरी फडावरच्या बाईला संडास मिळणार नाही, पाळीच्या दिवशी सुट्टी मिळणार नाही आणि खाड्याचे पैसे माफ होणार नाहीत. ती दुसरा डॉक्टर शोधेल, शेजारच्या जिल्ह्यात जाईल. परवानगीचा नियम एका जिल्ह्यापुरता आहे आणि एसटी सगळीकडे जाते.

मूळ आहे ते करारात. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो, मी नुसता मधला माणूस आहे. कायद्याच्या भाषेत कारखाना मूळ मालक आणि मुकादम कंत्राटदार असे नाते स्पष्ट दिसत असूनही ते मान्य करायची कुणाची तयारी नाही, कारण मान्य केले की जबाबदारी येते. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९मध्ये कायदा झाला, पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता. बेळगावच्या फडावर गेलेली बाई त्यात बसू शकत होती. केजहून कोल्हापूरला गेलेली बाई शेकडो किलोमीटर लांब राहूनही स्थलांतरित ठरत नव्हती. नव्या श्रमसंहितांनीही ही भिंत तशीच ठेवली आहे. प्रसूती लाभ कायद्याने कार्यालयातल्या स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. ऊसतोडीतली बाई मात्र कोपीत बाळंत होते आणि पंधरवड्यात पुन्हा फडात उतरते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात असंघटित स्त्रियांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. पण जिच्याकडे आपण इथे काम करतो असे सांगणारा एक चिटोराही नाही, तिने परक्या जिल्ह्यातल्या कलेक्टर कचेरीत जाऊन आपल्याच मुकादमाविरुद्ध तक्रार करावी ही अपेक्षाच क्रूर आहे. कायदे आहेत. त्या कायद्यांच्या दारात उभे राहायला आधी कामगार म्हणून नाव लागते, आणि तेच तिच्याकडे नाही.

घर आणि समाज यातून सुटत नाहीत. पाळीला विटाळ मानणाऱ्या, त्या चार दिवसांत बाईला देव्हाऱ्यापासून, लोणच्याच्या बरणीपासून आणि कधी माणसांपासूनही लांब ठेवणाऱ्या आपल्या रूढींनी तिच्या मनात लहानपणापासून एक गोष्ट पक्की बसवली, की हे सगळे घाण आहे, लपवायचे आहे. म्हणून दुखणे सांगायला तिला लाज वाटते. सांगितलेच तर सासू-नणंदांकडून उत्तर मिळते की सगळ्यांनाच होते. आणि मुले झाल्यावर पिशवीचा उपयोग काय, काढली की कटकट गेली, हा सल्ला दवाखान्याच्या पायरीवर पोहोचण्याआधीच तिला घरात मिळालेला असतो. ज्या समाजाने तिचे अंग एकतर विटाळाचे किंवा मूल होण्यापुरते मानले, त्याला ते अंग काढून टाकण्यात काही गैर वाटले नाही. कीर्तनांतून, सप्ताहांतून मराठवाड्याच्या गावागावांत हजारो माणसांपुढे बोलणारे आमचे कीर्तनकार व्यसनमुक्तीवर, हुंड्यावर बोलतात. त्यांनी एखाद्या रात्री यावरही बोलावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे. त्यांचे शब्द जिथे पोहोचतात तिथे शासनाची परिपत्रके पोहोचत नाहीत.

जोडप्यालाच उचल, या रीतीचा दुसरा बळी आहे मुलगी. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणून उचल कमी मिळते. त्याचे लग्न लावले की पूर्ण कोयता होतो. आईबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेल्या पोरीला गावी कुणाच्या भरवशावर ठेवायचे, ही काळजी असतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले दिसले. राज्याचे प्रमाण बावीस टक्क्यांच्या आसपास आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन बाळंतपणे, कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन, आणि तिशीत पिशवी काढलेली. हा क्रम इतका नेमाचा झाला आहे की गावात त्याचे कुणाला नवल वाटत नाही. आम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती याची.

राजकारणाबद्दल थोडक्यातच बोलतो, कारण तिथे बोलण्यासारखे फार घडलेलेच नाही. ऊसतोडीच्या दरावर कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यात लवाद बसतो. जानेवारी २०२४मध्ये टनामागचा दर ३४ टक्क्यांनी वाढून ३६६ रुपये झाला. तो हक्काचाच होता. पण तो दर पुन्हा कोयत्याचाच. त्यातला बाईचा वाटा किती हा प्रश्न त्या टेबलावर येत नाही, कारण त्या टेबलावर ऊस तोडणाऱ्या बाया बसलेल्या नसतात. ज्या राज्याने १९९४मध्ये देशातले पहिले महिला धोरण आणले आणि २०११मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या, त्या राज्यात हे चालते. विधानसभेची गेली निवडणूक २० नोव्हेंबर २०२४ला झाली, ऐन तोडीच्या दिवसांत. ज्या टोळ्या लांबच्या फडांवर होत्या, त्यांतल्या बायांचे मत कुणी मागितले असेल तर ते गाडी पाठवून एका दिवसापुरते.

आणि आम्ही माध्यमे? २०१९च्या उन्हाळ्यात बीडच्या गावांत कॅमेऱ्यांची रीघ लागली होती. ज्या बायांनी आपले दुखणे कधी नवऱ्यालाही धड सांगितले नव्हते, त्यांना अनोळखी माणसांपुढे ते पुन्हा पुन्हा सांगावे लागले. मार्च २०२४मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही साखर जगातल्या बड्या शीतपेय कंपन्यांपर्यंत कशी जाते हे दाखवले, तेव्हा पुन्हा आठवडाभर चर्चा झाली. एरवी उसावरच्या बातम्या असतात त्या एफआरपीच्या (उसाच्या रास्त व किफायतशीर दराच्या), उताऱ्याच्या, इथेनॉलच्या आणि कारखान्याच्या निवडणुकीच्या. त्या यायलाच हव्यात. पण गाळपाचा रोजचा आकडा छापणाऱ्या पानावर, त्या आठवड्यात किती कोप्यांना पाणी मिळाले आणि किती बाळंतपणे फडावर झाली, हेही छापता येईल. जिल्हा वार्ताहरांनी ते मागायला हवे आणि संपादकांनी त्याला जागा द्यायला हवी.

काही जण म्हणतात, हार्वेस्टर येत आहेत, पाच-दहा वर्षांत हा प्रश्नच उरणार नाही. यंत्र आले तर या बायांची मजुरी जाईल, काढलेले गर्भाशय परत येणार नाही. आणि छोट्या तुकड्यांच्या, ओल्या रानांत यंत्र चालत नाही तोवर तोड माणसांनाच करावी लागणार आहे. दरम्यानच्या प्रत्येक हंगामात नव्या पोरी फडावर उभ्या राहणार आहेत.

नोंद करणे अवघड आहे, मजूर फिरते असतात, ही सबब आता कुणी ऐकून घेऊ नये. याच शासनाने २०२४च्या जूनअखेर लाडकी बहीण योजना जाहीर केली आणि काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या स्वतःच्या बँक खात्यांत दरमहा दीड हजार रुपये पोहोचवले. आधार जोडले, खाती उघडली, अंगणवाडी सेविकांनी रात्री जागून अर्ज भरले. म्हणजे मनात आले की बाईचे नाव, तिचे खाते आणि तिचा मोबाइल नंबर शासनाला सापडतो. कारखान्यांनाही काही लाख ऊसतोड बायांची यादी करणे जड नाही, कारण शेतकऱ्याच्या सात-बाऱ्याच्या उताऱ्यापासून मोटारमालकाच्या करारापर्यंत सगळे कागद ते सांभाळतातच.

दुसरे म्हणजे, कारखान्यांची वेसण शासनाच्या हातात आधीच आहे. साखर आयुक्तांनी गाळप परवाना दिल्याशिवाय कारखान्याचे धुराडे पेटत नाही. एफआरपी थकवणाऱ्या कारखान्यांचा परवाना आजवर अनेकदा रोखून धरला गेला आणि पैसे वसूल झाले. तीच अट बायांसाठी घाला. प्रत्येक टोळीतल्या प्रत्येक बाईची कामगार म्हणून स्वतंत्र नोंद आणि ओळखपत्र असावे. कोयत्याच्या मजुरीची निम्मी-निम्मी वाटणी करून तिच्या हिश्शाची मजुरी तिच्याच खात्यात जमा व्हावी. आजारपण, पाळी आणि बाळंतपण यांसाठी खाडा लावणे बेकायदा ठरवावे आणि तो लावणाऱ्या मुकादमाशी करार करणाऱ्या कारखान्याला दंड व्हावा. कोप्यांच्या तळावर पाणी, संडास आणि आडोशाची मोरी यांची जबाबदारी कारखान्याची असावी. आरोग्य उपकेंद्राची नर्स आठवड्यातून एकदा तळावर यावी. महामंडळाकडे टनामागे दहा रुपयांनी जमणाऱ्या निधीचा हंगामनिहाय हिशेब जाहीर व्हावा. शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम बीडपुरता न ठेवता सगळ्या राज्याला लागू व्हावा आणि पस्तिशीच्या आतल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची तपासणी बाहेरच्या तज्ज्ञांकडून व्हावी.

यातल्या एकाही गोष्टीसाठी नव्या समितीची गरज नाही. दरवर्षी हंगामाआधी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मंत्री समितीची बैठक होते. गाळप कधी सुरू करायचे, ऊस किती उपलब्ध आहे, कोणाकडून किती कपात करायची, हे तिथे ठरते. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय ऊसतोड स्त्रियांच्या नोंदणीचा असावा आणि ती पूर्ण केल्याचा दाखला न देणाऱ्या कारखान्याचा परवाना त्याच बैठकीत अडवावा, अशी आमची मागणी आहे. बैठकीला अजून अवधी आहे. मुकादमांच्या उचली मात्र वाटल्या जाऊ लागल्या आहेत.